वरच्या चौकटीतलं उत्तर

तुम्ही चोरी केलीत. आधी एवढं स्पष्ट होऊ दे, मग बाकीचं बोलू. सगळं घर धुऊन नेलं असतंत तर एक वेळ परवडलं असतं. तुम्ही एका बाईच्या घरातून दोन बाटल्या उचलल्यात, त्यांना बांधलेली चिठ्ठी तिथेच टाकलीत आणि त्या बाटल्या दिसेल त्याच्या हातात देत सुटलात. शिवाय खाली बारीक अक्षरात तिचं नाव घातलंत. तुमच्या त्या काचेच्या इमारतीत कोणी माणूस बसतो की नुसतं यंत्र गरगरतं, आम्हाला ठाऊक नाही. माणूस बसत असेल तर त्याने हे शेवटपर्यंत वाचावं. शेवटी एक प्रश्न आहे.

ती बाई म्हणजे डागवाली ताई. हे तिच्या ब्लॉगचं नाव, आणि हळूहळू तिचंही झालेलं. "तुझं खरं नाव मला आता आठवावं लागतं," असं तिचा नवरा म्हणायचा. तो शाळेची बस चालवतो, त्यामुळे दिवसभराचं ओरडून झालेलं असतं आणि घरी आला की हळू आवाजात चेष्टा करतो.

ब्लॉगच्या आधी ती एका लाँड्रीच्या काउंटरवर होती. आलेला कपडा उलटा करायचा, उजेडात धरायचा, डाग शोधायचा आणि समोरच्याला विचारायचं, हे काय सांडलंय? लोक तोंडावर खोटं बोलायचे. माणूस लग्न ठरवतानाही बोलणार नाही एवढं खोटं डागाबद्दल बोलतो. "पाणी सांडलं होतं," म्हणायचे, आणि कॉलर लिपस्टिकने लाल. ती नुसती पावती फाडायची. हे सगळं तिने फोनवर लिहायला घेतलं, गिऱ्हाईक नसताना, काउंटरखाली हात ठेवून. "खिशात पेन फुटलं तर बायकोला सांगायच्या आधी हे करा." "उशीवरचे पिवळे डाग कोणाचे, ते विचारू नका, घालवा." लोक हसले. त्यांनी करून बघितलं, डाग गेले, लोक परत आले. मग पानावर जाहिराती आल्या, जाहिरातींचे पैसे आले, आणि एक दिवस ते काउंटरच्या पगाराला मागे टाकून गेले. तिने नोकरी सोडली.

लाँड्रीवाल्या काकांनी तिला निरोप दिला तो त्यांच्या पद्धतीने. "जा. पण दोन बाटल्या एका फळीवर ठेवू नकोस." हा लाँड्रीतला जुना नियम. ब्लीच आतल्या फळीवर, गंजाच्या डागांचं ॲसिड दाराजवळच्या फळीवर. एकाच हाताने दोन्ही उचलता येऊ नयेत, मध्ये चार पावलं चालावं लागावं, तेवढ्यात डोकं ठिकाणावर यावं. ती दोन एकत्र आली की जो वायू निघतो, तो काकांनी तरुणपणी एकदा श्वासात घेतला होता. तेव्हापासून ते जिना चढताना मध्ये थांबतात.

ब्लॉगवर पोट भरणं म्हणजे लोकांना वाटतं, बाई घरी बसून बोटं चालवते. सासूबाई तर शेजारी सांगायच्या, "आमची सून कंप्यूटरवर धुणी धुते." सांगताना अर्धी टिंगल, अर्धा अभिमान. खरं असं होतं की स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल तिचं झालं होतं. त्यावर मुद्दाम डाग पाडलेले नवऱ्याचे जुने शर्ट. गॅलरीत वाळत घातलेल्या फडक्यांच्या चिंध्या, प्रत्येकीवर मार्करने आकडा. आणि सकाळी दात घासायच्या आधी फोनवरचा आलेख बघायचा. काल किती लोक आले, कुठल्या गावाहून, कुठल्या फोनवरून, कितव्या ओळीपर्यंत वाचून गेले. आलेख तुमचाच. तुम्ही तिला दर माणसाची हालचाल दाखवायचात. चेहरा तेवढा दाखवायचा नाहीत.

चेहरा नसलेल्या त्या गर्दीत एक जण तिची होती. पिवळी बादली. नाव नाही, फोटोच्या जागी एका पिवळ्या बादलीचं चित्र. ती कुठल्याशा लॉजमध्ये खोल्या साफ करायची, एवढंच तिने सांगितलं होतं. ताईने लेख टाकला की पहिली कॉमेंट तिची. पूर्णविराम तिला माहीतच नव्हता. "ताई चादरीवरचा शाईचा डाग गेला मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं तो माझ्या पगारातून कापणार होता." ताई सगळ्या कॉमेंटना दोन-चार शब्दांत उत्तर द्यायची. बादलीला मात्र परिच्छेद लिहायची.

"ही तुझी मैत्रीण दिसते," नवरा म्हणायचा.

"मग? तुझे आहेत ना बसस्टॉपवर."

"मी त्यांना बघितलंय तरी. ही एखादा मिशीवाला बाप्या असेल."

"असू दे. फरशी तर घासतो बिचारा."

मग तुम्ही ती चौकट आणलीत. कोणी तुमच्या शोधयंत्राला काही विचारलं की सगळ्यांच्या वर एक चौकट, आत तयार उत्तर. खाली कोणाच्या पानावर जायची गरजच नाही. उत्तर कोणीतरी रात्रंदिवस हात खराब करून मिळवलेलं, आणि मांडणार तुम्ही. ताईचा आलेख घसरायला लागला. आधी थोडा, मग जिन्यावरून पाय निसटल्यासारखा. लाँड्रीला नवी मुलगी मिळाली का, हे सासूबाईंनी एकाच आठवड्यात दोनदा विचारलं.

ब्लॉगवाल्यांचा एक ग्रुप होता. तिथे सगळे एकमेकांना धीर द्यायचे आणि एकमेकांच्या युक्त्या चोरायचे. तिथली सगळ्यात गाजलेली युक्ती अशी: छोटे छोटे लेख जोडा, एक जाडजूड लेख करा. मथळ्यात प्रश्न घाला, खाली लगेच उत्तर, उत्तराच्या पायऱ्या पाडा. यंत्राला हे आवडतं. मग चौकटीत उत्तर तुमचं येतं, खाली नाव तुमचं येतं, आणि लोक नावावर क्लिक करतात.

ताईकडे दोन जुने लेख होते. एक बाथरूमच्या कोपऱ्यातल्या काळ्या बुरशीवर, त्यात ब्लीच. दुसरा नळाखाली साचणाऱ्या क्षाराच्या थरावर, त्यात ॲसिड. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, दोन्ही वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेले. तिने ते जोडले. मथळा दिला: "बाथरूम पहिल्यासारखं कसं करायचं?" उपाय एक, उपाय दोन.

जोडताना तिच्या लक्षात आलं नाही असं समजू नका. पहिलं तेच लक्षात आलं. दोन उपायांच्या मध्ये तिने इशारा टाकला. साध्या ओळीत लिहिला असता तर लोकांच्या नजरेतून सुटला असता, हे ती काउंटरवर शिकली होती. पावतीवरच्या सूचना कोण वाचतं? म्हणून तिने चित्र बनवलं. लाल जाड किनार, दोन बाटल्या, त्यांच्यावर फुली, आणि आत ठसठशीत अक्षरं: हे दोन्ही एकत्र किंवा एकामागोमाग कधीही वापरू नका. विषारी वायू तयार होतो. जीव जाऊ शकतो. लाल रंग कुठला घ्यायचा यात तिची अख्खी दुपार गेली.

नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला, "बाप रे. हे आंधळ्यालाही दिसेल."

आंधळ्याला दिसलं नाही. तुमचं यंत्र पान वाचतं, म्हणजे अक्षरं वाचतं. चित्रात कोरलेली अक्षरं त्याच्या लेखी कोरी जागा. माणसासाठी तिने जे सगळ्यात मोठं केलं, ते यंत्रासाठी तिथे नव्हतंच. ही चूक लाँड्रीवाल्याने केली नसती, डॉक्टरने केली नसती. ती फक्त ब्लॉगवाल्याच्याच हातून होऊ शकते. सुंदर दिसावं, लोकांनी एकमेकांना पाठवावं, म्हणून जो शब्दांची चित्रं करतो त्याच्याच हातून.

थोड्याच दिवसांत ताई चौकटीत आली. नवऱ्याने बसमधून फोन केला, मागे पोरांचा गलका. "अगं, तू वर आहेस! सगळ्यांच्या वर!" तिनेही बघितलं. आपला मथळा, आपली पहिली ओळ, खाली आपलं नाव. तिने पुढचं वाचलं नाही. आपलंच लिहिलेलं कोण पुन्हा वाचतं? सासूबाईंनी शेजारी जाऊन सांगितलं, आणि या वेळी त्यात टिंगल नव्हती.

पण आलेख उभाच राहिला नाही. चौकटीत उत्तर मिळालं की लोक तिथूनच परत. नाव तिचं, वाट बंद. जे थोडे पानापर्यंत येत होते, ते वेगळंच काही लिहीत होते. "ताई, डोळे फार झोंबतात, असं होतं का?" तिने लिहिलं, ब्लीच थोडं कमी घ्या, खिडकी उघडी ठेवा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी: "खोकला थांबत नाहीये, पण फरशी मस्त निघाली, थँक्यू." तिने हसरा चेहरा पाठवला. तिसरा नुसताच म्हणाला, "वास कसला येतो हा?"

आणि पिवळी बादली. "ताई तुम्ही पहिल्या नंबरावर दिसलात जीव सुखावला उद्या खालच्या मजल्यावरच्या बाथरूमा तुमच्या नव्या उपायाने धुणार मालक म्हणतो नव्यासारख्या दिसल्या पाहिजेत खिडकी एकीलाही नाही पण हात ओले असले तरी फोन वाचून दाखवतो तसं करत जाईन."

ताईने त्यालाही उत्तर दिलं. "मालकाचं तोंड कसं होतं ते नक्की कळवा!" घाई होती, गॅसवर दूध होतं.

दोन दिवसांनी सासूबाई सोफ्यावर बसून फोनशी खेळत होत्या. त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्या फोनला तोंडी विचारतात. पाहुणी आली होती, त्यांची धाकटी जाऊ, तिला सुनेचं कौतुक दाखवायचं होतं.

"ऐक गं. आता माझी सून बोलणार," म्हणाल्या, आणि फोनला ओरडून विचारलं, "बाथरूम पहिल्यासारखं कसं करायचं?"

फोन गोड आवाजात बोलायला लागला. ताई ओट्यापाशी होती, हसू आवरत ऐकत होती.

"पायरी एक. फरशीवर आणि कोपऱ्यांत ब्लीच ओता आणि थोडा वेळ राहू द्या. पायरी दोन. नळाखालच्या थरावर ॲसिड ओता. पायरी तीन. दार बंद ठेवा, म्हणजे वास घरात पसरणार नाही, आणि ब्रशने घासा."

"बघ!" सासूबाई जावेला म्हणाल्या. "अगदी हिच्यासारखंच बोलतो."

ताईच्या हातातली कपबशी ओट्यावर आपटली. दार बंद ठेवा, हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. ब्लीचच्या जुन्या लेखात एक वाक्य होतं, घरात वास नको असेल तर बाथरूमचं दार लोटा आणि खिडकी उघडा. तुम्ही खिडकी टाकून दिलीत, दार ठेवलंत. इशारा तर नव्हताच. उपाय एक आणि उपाय दोनच्या पायरी एक आणि पायरी दोन झाल्या होत्या.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हे कोणाला सांगू नका. हे विचारूच नका परत."

"अगं, तूच लिहिलंस ना?"

ताईने आपला फोन उचलला.

तिने आधी बादलीला लिहिलं. थांबा, करू नका, दोन्ही एकत्र नको, केलं असेल तर बाहेर मोकळ्यावर जा, डॉक्टरकडे जा, मला कळवा. खोकल्यावाल्याला तेच, डोळ्यांवाल्यालाही तेच. त्या दोघांची उत्तरं आली. एक जण रागावला, दुसऱ्याने आभार मानले. बादलीचं आलं नाही. जी बाई पानावर शाई वाळायच्या आत हजर व्हायची, ती गप्प.

मग तिने ते चित्र हटवून इशारा अक्षरांत लिहिला, सगळ्यात वर, तीनदा. चौकट बदलली नाही. तुमच्या तक्रारीच्या खिडकीत लिहिलं. तुमचा निरोप आला, क्षणात, म्हणजे कोणी वाचायच्या आत. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." परत लिहिलं. परत मोलाचा. तिने लिहिलं, लोक मरतील. मोलाचा.

ती लाँड्रीत गेली, कोणाला तरी सांगायचं म्हणून. काकांनी सगळं ऐकलं. मग फळ्यांकडे बघत राहिले, आतल्या आणि दाराजवळच्या.

"तू त्यांना एका फळीवर ठेवलंस," ते म्हणाले.

"मध्ये पाटी लावली होती काका. एवढी मोठी."

"अगं, आमच्याकडे पाटी नव्हती. अंतर होतं."

रागाने बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सांगितलं, "पानच काढून टाकते."

तो जेवायचा थांबला. जे काही पैसे अजून येत होते ते त्या एका पानावरूनच, हे दोघांनाही माहीत होतं. "काढलंस तर उरेल काय?"

"उरेल ते उरेल. मुळात पानच नसेल तर चौकटीत काय घालतील?"

"मग काढ," तो म्हणाला. "मी शनिवारच्या सहलींच्या फेऱ्या घेतो. विचार करत बसू नकोस."

तिने पान पुसलं. पुसताना एक गोष्ट तिच्या डोक्यात आली नाही, आणि आली तेव्हा वेळ गेली होती. पानाबरोबर त्याखालच्या कॉमेंट गेल्या. बादलीशी शेवटचं बोलणं झालं होतं ती हीच जागा होती. तिथलं ते "थांबा, करू नका" सुद्धा गेलं.

सकाळी तिने दात न घासता फोन उघडला आणि तुमची चौकट बघितली. उत्तर तिथेच होतं. पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन, दार बंद ठेवा. एकच फरक पडला होता. खालचं तिचं नाव गेलं होतं. आता ते कोणाचंच नव्हतं. आता ते नुसतं उत्तर होतं, कुठूनही न आलेलं, म्हणून जास्तच खरं वाटणारं.

तिने नवीन लेख लिहिला. मथळ्यात प्रश्न नाही, पायऱ्या नाहीत, यंत्राला आवडेल असं काही नाही. "पिवळी बादली, तुम्ही कुठे आहात?" खाली दोन ओळी. बऱ्या असाल तर एक टिंब टाका. काही लिहू नका, टिंब पुरे.

आलेख सपाट पडला होता. ती त्याच्यासमोर बसून राहिली. दुपारी तिथे एक आकडा उमटला. वाचक: एक. परत आलेला वाचक. तिने स्टूल ढकललं, उभी राहिली, पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहिली. टिंब येईना. मग फोन वाजला. नवरा होता, शाळेच्या फाटकापाशी, पोरांची वाट बघत.

"अगं, मीच उघडलं होतं," तो म्हणाला. "बघावं म्हटलं, कोणी आलंय का."

मागे शाळेची घंटा झाली आणि त्याने फोन ठेवला.

तिने तुम्हाला शेवटचं लिहिलं. आता तक्रार नव्हती, हात जोडले होते. मला बादलीचं नाव नको, गाव नको, नंबर नको. तुम्हीच तिला एक निरोप पोचवा. किंवा तिने त्या दिवसानंतर फोन उघडला का, एवढंच हो किंवा नाही सांगा. तुमचं उत्तर या वेळी थोडं लांब होतं. "वापरकर्त्यांच्या खाजगीपणाची आम्हाला मनापासून काळजी आहे."

ताईच्या टेबलावर आता शर्ट नाहीत. फडक्यांच्या चिंध्या तिने गॅलरीतून काढल्या. सोमवारपासून ती परत काउंटरवर उभी राहते. कपडा उलटा करते, उजेडात धरते, विचारते, हे काय सांडलंय? लोक खोटं बोलतात. बाथरूम धुताना घातलेला गाउन आला, बाहीवर ब्लीचचे पांढरे ठिपके असले, की तिचे हात थांबतात. "तब्येत बरी आहे ना?" असं ती विचारते, आणि गिऱ्हाईक चमकून बघतं. घरी सासूबाईंनी फोनला प्रश्न विचारणं सोडलंय. त्या सुनेला हाक मारून विचारतात, आणि सून सांगते, सगळं सांगते, खिडकीसकट.

आता तो प्रश्न.

तुम्हाला माहीत आहे. पिवळी बादली कुठल्या फोनवरून विचारते, कुठल्या गावात, कुठल्या रस्त्यावरच्या लॉजच्या खालच्या मजल्यावर, सगळं माहीत आहे. तिला कुठली चप्पल हवी हे तिच्या आधी तुम्हाला कळतं. त्या दिवशी बिनखिडकीच्या बाथरूममध्ये, ओल्या हातांनी, तिने तुमच्या गोड आवाजाला विचारलं आणि त्याने तिला दार बंद करायला सांगितलं. फोन तिच्याजवळ होता. तुम्ही तिथे होतात. दुसरं कोणी नव्हतं.

अभिप्राय मोलाचा आहे हे सांगू नका. खाजगीपणाचं सांगू नका. आंधळ्या यंत्राकडे बोट दाखवू नका. त्याला तिथे कोणी बसवलं ते आम्हाला माहीत आहे.

दार परत उघडलं का?

ती बाहेर आली का?

सांगा.